धुपाचा सुगंध आणि निखाऱ्याचा अदृश्य वायू

'तेलही गेले, तूपही गेले, हाती आले धुपाटणे' ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी सहज येते. म्हणीत धुपाटणे निरुपयोगी ठरले असले, तरी प्रत्यक्षात ते फार विचारपूर्वक घडवलेले भांडे आहे. निखाऱ्यासाठी खोलगट वाटी, ती जमिनीपासून उंच धरणारी बैठक आणि हाताला चटका बसू नये म्हणून लांब दांडी, एवढीच त्याची रचना. पेटता कोळसा घरात आणायचा, सर्व खोल्यांतून फिरवायचा आणि पुन्हा बाहेर न्यायचा, हे काम त्या रचनेत गृहीत धरलेले आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हे भांडे आजही अनेक देवघरांत सापडते. त्यात धूप घालण्याची रीतही टिकून आहे. बदलले आहे ते घर. कौलारू, झरोक्यांच्या घरातून माणसे स्लॅबच्या, सरकत्या काचांच्या सदनिकेत राहायला आली, आणि तोच मूठभर निखारा तेथे निराळे वागू लागला. त्याचे हे वागणे समजून घेणे धूप घालणाऱ्या प्रत्येक घराच्या हिताचे आहे.

परंपरा एका धर्माची नव्हे

धुपाची परंपरा या भागात सर्व समाजांत रुजलेली आहे. कृष्णाकाठच्या औदुंबर क्षेत्री दत्तसेवेत, औंधच्या यमाईच्या आणि पालीच्या खंडोबाच्या यात्रेच्या दिवसांत घरोघरी, नवरात्राच्या नऊ दिवसांत घटासमोर धूप घातला जातो. मिरजेच्या ख्वाजा शमना मीरा दर्ग्यात ऊद जळतो आणि त्या दर्ग्याला मानणाऱ्यांत हिंदू व मुस्लिम असे दोन्ही भाविक असतात. कडेगावचा मोहरम तेथील उंच ताबुतांसाठी आणि सर्वधर्मीयांच्या सहभागासाठी प्रसिद्ध आहे. त्या दिवसांतही उदाचा वास गावभर दरवळतो. धुपाचा धार्मिक अर्थ घरागणिक वेगळा असला, तरी निखाऱ्याचे रसायन मात्र सर्वत्र सारखेच असते.

धार्मिक उपयोगाखेरीज धुपाला आरोग्याचेही एक स्थान होते. आयुर्वेदात 'धूपन' हा स्वतंत्र विधी सांगितला आहे. बालरोगांना वाहिलेल्या काश्यपसंहितेत 'धूपकल्प' नावाचा अध्यायच आहे. बाळंतिणीची खोली, वस्त्रे आणि अंथरूण धुपवण्याची कल्पना तेथून आणि लोकरीतीतून आजपर्यंत चालत आली आहे. ओवा, बाळंतशोपा, वावडिंग आणि धूप निखाऱ्यावर टाकून बाळाला धुरी देण्याची पद्धत पश्चिम महाराष्ट्रात अजून मोडलेली नाही. धुपाच्या सुरक्षिततेचा प्रश्न सर्वांत गंभीर होतो तो याच खोलीत. त्याकडे वळण्यापूर्वी धुपाटण्यात नेमके काय जळते, हे पाहिले पाहिजे.

वास देणारा आणि उष्णता देणारा

धुपाटण्यात दोन पदार्थ असतात. वर टाकला जातो तो धूप, आणि खाली असतो तो निखारा. धूप म्हणजे बहुधा झाडाचा राळेसारखा स्राव. ऊद किंवा लोबान हा आग्नेय आशियातील, विशेषतः सुमात्रा बेटावरील वृक्षांचा डिंक. गुग्गुळ हा गुजरात व राजस्थानच्या शुष्क प्रदेशातील काटेरी झुडपातून मिळतो. अतिरेकी व चुकीच्या पद्धतीने चीक काढल्याने हे झुडूप इतके दुर्मीळ झाले आहे, की आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने त्याची नोंद अतिसंकटग्रस्त वनस्पतींत केली आहे. साळईचा डिंक सातपुड्यातील आणि विदर्भातील जंगलांतून येतो, तर राळ ही सालवृक्षाची. यांतील कोणताही पदार्थ स्वतःहून नीट जळत राहत नाही. त्याला खालून सतत उष्णता द्यावी लागते आणि ती निखारा पुरवतो.

निखाऱ्याचा कोळसा पूर्वी चुलीतूनच मिळे. स्वयंपाक आटोपल्यावर लाल इंगळ चिमट्याने उचलून धुपाटण्यात ठेवले जात. चूल नसलेल्या घरी बाभळीचा कोळसा विकत आणला जाई. चुना आणि कोळसा करणे हा लोणारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. गॅस आल्यावर चूल गेली आणि तिच्याबरोबर फुकटचा निखाराही गेला. त्याची जागा आता बाजारातील गोल वड्यांनी घेतली आहे. यांतील झटकन पेटणाऱ्या वड्यांत बहुधा सोरा मिसळलेला असतो. काडी लावताच वडीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत ठिणग्या सरकत जातात, त्या याच सोऱ्यामुळे. अलीकडे लोकप्रिय झालेले सांब्राणीचे कप दिसायला वेगळे असले, तरी त्यांतही कोळशाची पूड असते. गोवरीचा निखारा हा आणखी एक पर्याय. मात्र त्याचा धूर कोळशाहून अधिक असतो आणि पुढे वर्णिलेला धोका त्यालाही तितकाच लागू आहे.

जो दिसत नाही, तोच धोका

कोळसा म्हणजे जवळजवळ शुद्ध कार्बन. त्याला भरपूर हवा मिळाली, तर त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो. परंतु निखाऱ्यांच्या ढिगात आतपर्यंत पुरेशी हवा पोहोचत नाही. आत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड तापलेल्या कोळशातून वर येताना त्याचे रूपांतर कार्बन मोनॉक्साइडमध्ये होते. शेगडीत लाल निखाऱ्यांवर कधी कधी निळसर ज्योत नाचताना दिसते, ती याच वायूच्या जळण्याची. जो भाग जळत नाही, तो खोलीत पसरतो. या वायूला रंग नाही, वास नाही आणि तो डोळ्यांना झोंबतही नाही. त्याची घनता हवेच्या जवळपास असल्याने तो खाली साचत नाही की छताशी अडकत नाही, खोलीभर सारखा मिसळतो. त्यामुळे जमिनीवर बसलेला आणि पलंगावर झोपलेला, दोघेही त्याच्या टप्प्यात सारखेच असतात.

येथेच एक जुना समज घातक ठरतो. 'धूर गेला, कोळसा लाल झाला, आता खोलीत घ्यायला हरकत नाही' असे अनेक घरांत मानले जाते. धूर गेला म्हणजे कोळशातील ओल आणि अर्धवट जळणारे लाकडी अंश संपले, इतकेच. लाल, बिनधुराचा, देखणा निखारा कार्बन मोनॉक्साइड देतच राहतो. उलट धूर असेपर्यंत माणूस खोकतो आणि खिडकी उघडतो. धूर थांबल्यावर खिडकी बंद होते. वर धुपाचा सुवास असतोच. प्रसन्न वासामुळे हवा शुद्ध असल्याचा जो भास होतो, त्याला वस्तुस्थितीचा आधार नसतो.

शरीरात या वायूचे काम सरळ आहे. रक्तातील हिमोग्लोबिन फुप्फुसांतून प्राणवायू उचलून सर्व अवयवांना पोहोचवते. कार्बन मोनॉक्साइडला हिमोग्लोबिनची ओढ प्राणवायूपेक्षा सुमारे २०० ते २५० पट अधिक असते. तो एकदा चिकटला, की सहजी सुटत नाही. माणूस श्वास घेत असतो, छाती वरखाली होत असते, पण पेशींना प्राणवायू मिळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ क्लोद बर्नार यांनी ही विषबाधा रक्तातून होते हे दाखवून दिले. त्याच देशातील विख्यात कादंबरीकार एमिल झोला यांचा सप्टेंबर १९०२ मध्ये पॅरिसच्या राहत्या घरी, शयनगृहातील शेकोटीचे धुराडे चोंदल्यामुळे, याच वायूने बळी घेतला.

बेरीज करून पाहिली तर

एवढ्याशा धुपाटण्याने काय होणार, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर साध्या हिशेबाने मिळते. कोळसा जळताना दर किलोमागे ढोबळमानाने २०० ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. दहा ग्रॅमची एक वडी अशा खोलीत पूर्ण जळाली आणि हवा मुळीच बदलली नाही, तर दोन ग्रॅम म्हणजे २००० मिलिग्रॅम वायू त्या हवेत मिसळेल. दर घनमीटरमागे हे प्रमाण सुमारे ७० मिलिग्रॅम येते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये घरातील हवेसाठी घातलेली मर्यादा अशी आहे : १५ मिनिटांसाठी दर घनमीटरमागे १०० मिलिग्रॅम, एका तासासाठी ३५ आणि आठ तासांसाठी १०. चोवीस तासांची सरासरी ४ मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असे २०२१ च्या मार्गदर्शिकेत म्हटले आहे. म्हणजे पूर्ण बंद खोलीत एक वडीही तासाभराच्या मर्यादेच्या दुप्पट जाऊ शकते. प्रत्यक्षात कोणतीही खोली डबीसारखी हवाबंद नसते. फटींतून हवा येतजात राहते आणि प्रमाण घटते. समोरासमोरची दारे-खिडक्या उघडी असतील, तर एका वडीचा प्रश्न फारसा उरत नाही. हिशेबाचा बोध हाच, की धूप सुरक्षित की धोकादायक हे ठरवणारी वस्तू धुपाटण्यात नसून खिडकीत आहे.

हाच हिशेब अर्धा किलो कोळशाच्या शेगडीला लावला, की चित्र पालटते. तितका कोळसा १०० ग्रॅम वायू देतो आणि त्याच बंद खोलीतील प्रमाण दर घनमीटरमागे सुमारे ३५०० मिलिग्रॅमपर्यंत चढू शकते. फटींमुळे ते निम्मे झाले किंवा पाव झाले, तरीही ते जीवघेणेच राहते. धुपाटणे आणि शेगडी यांत फरक करायला हवा तो या आकड्यांमुळे. महाबळेश्वर-पाचगणीच्या थंडीत किंवा संततधार पावसात ऊब मिळावी म्हणून कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दार लावून झोपणे, हा धुपाच्याच निखाऱ्याचा मोठा आणि अधिक घातक प्रकार आहे. झोपलेल्या माणसाला डोकेदुखीची पूर्वसूचनाही मिळत नाही.

घर बदलले, रीत तीच

साताऱ्याच्या जुन्या पेठांतील किंवा सांगली-मिरजेच्या वाड्यांतील घरे आठवावीत. वर कौले, कौलांतून हवा खेळणाऱ्या फटी, स्वयंपाकघराला धुराडे, भिंतीत झरोके आणि मध्ये उघडा चौक. माजघरात घातलेला धूप घटकाभरात आपोआप वर निघून जाई. शिवाय धूप फिरता असे. देवापुढे, उंबऱ्याशी, गोठ्यात, तुळशीपाशी असा तो फिरे आणि उरलेला निखारा परसात किंवा चुलीत परत जाई. जुन्या रीतीला विज्ञानाचे नाव नसले, तरी तिच्यात वायुवीजन होते.

आजच्या सदनिकेत छत स्लॅबचे, खिडक्या सरकत्या काचांच्या आणि त्यांवर डासांची जाळी असते. वातानुकूलन यंत्र चालू असले, की दारे-खिडक्या लावल्या जातात. घरांत सर्रास बसवली जाणारी भिंतीवरची यंत्रे बाहेरची ताजी हवा आत आणत नाहीत, खोलीतीलच हवा थंड करून फिरवतात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. देवघरही आता भिंतीतील कोनाड्यात नसते. ते प्लायवूडच्या कपाटात, वर सजावटीचे छत आणि शेजारी पडदा अशा अवस्थेत असते. तेथे निखारा ठेवून सायंकाळच्या आरतीनंतर दार ओढून घेतले, की वायूचा आणि आगीचा असा दुहेरी धोका एकाच चौकटीत कोंडला जातो.

कृष्णाकाठच्या घरांना आणखी एक प्रसंग ओळखीचा आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी सांगली आणि परिसरातील असंख्य घरांत ओल आणि कुबट वास मागे ठेवला. असा वास घालवण्यासाठी धूप घालण्याचा मोह होतो. धुपाने वास झाकला जातो, भिंतीतील ओल मात्र हटत नाही. ओल जाते ती उघड्या खिडक्या, पंखा आणि ऊन यांनीच. ओलसर कोळसाही अशा वेळी अधिक धूर करतो आणि तडतडून ठिणग्या उडवतो. म्हणून वड्या व कोळसा नेहमी कोरड्या, झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

बाळंतिणीची खोली

या साऱ्या गोष्टी जेथे एकत्र येतात, ती जागा म्हणजे बाळंतिणीची खोली. बाधा होऊ नये, वारा लागू नये म्हणून खिडक्या लावलेल्या, दाराला पडदा, बाजेखाली किंवा शेजारी शेक-शेगडी आणि सकाळ-संध्याकाळ धुरी. खोलीत दिवसाचे वीस-बावीस तास राहणाऱ्या दोनच व्यक्ती असतात, नुकतीच प्रसूत झालेली आई आणि काही दिवसांचे बाळ. प्रसूतीत रक्तस्राव झाल्याने आईचे हिमोग्लोबिन आधीच कमी असू शकते. बाळ प्रौढांपेक्षा वजनाच्या मानाने अधिक हवा श्वासात घेते आणि त्याची फुप्फुसे अजून वाढीस लागलेली असतात. गर्भातील बाळाचे हिमोग्लोबिन तर कार्बन मोनॉक्साइड अधिक काळ धरून ठेवते. त्यामुळे गरोदर स्त्रीच्या खोलीलाही हाच नियम लागू होतो.

या वायूच्या बाधेची लक्षणे फसवी असतात. मोठ्या माणसाचे डोके दुखते, गरगरते, मळमळते, हातपाय गळून जातात. बाळ मरगळते, दूध ओढत नाही किंवा सारखे किरकिरते. घरात अशा वेळी दृष्ट लागल्याची शंका आली, की दृष्ट काढून बाळाला पुन्हा धुरी देण्याकडे कल होतो आणि ज्यामुळे त्रास झाला, त्याचीच मात्रा वाढते. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. एकाच वेळी घरातील दोघा-तिघांचे डोके दुखू लागले, आणि अंगणात किंवा गच्चीत गेल्यावर बरे वाटले, तर दोष खोलीतील हवेत आहे असेच समजावे.

धुराचे सूक्ष्म कण हा बाळाला होणारा दुसरा अपाय. अडीच मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसांच्या टोकापर्यंत पोहोचतात. हवेतील अशा कणांसाठी भारतात चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या शिफारशीनुसार ती १५ असावी. धुराने भरलेल्या खोलीत या दोन्ही मर्यादा पाहता पाहता ओलांडल्या जातात. दमेकरी, वृद्ध आणि हृदयरोगी यांनाही हा धूर सोसत नाही. बाळाला थेट धुरी देऊ नये, हा डॉक्टरांचा सल्ला या कारणासाठी आहे. परंपरा मोडल्याची रुखरुख वाटत असेल, तर बाळ व आई दुसऱ्या खोलीत असताना खोली आणि कपडे धुपवावेत, निखारा बाहेर न्यावा, खिडक्या उघडून खोली मोकळी होऊ द्यावी आणि मगच बाळाला आत आणावे. ऊब हवी असेल तर गरम कपडे, टोपी, मोजे आणि आईच्या अंगाची ऊब यांसारखे साधन नाही. आईच्या शेकासाठी गरम पाण्याची रबरी पिशवी पुरेशी आहे. बाजेखाली पेटती शेगडी ठेवणे तर पूर्ण टाळावे. बाजेचे सुंभ, लोंबणारी गोधडी आणि साडीचा काठ यांना आग लागायला एक ठिणगी पुरते.

धूप घालण्याची सुरक्षित रीत

धूप घालायचा ठरला, तर पहिले काम काडी ओढण्यापूर्वीचे आहे. घरात स्वयंपाकाच्या गॅसचा वास येत नाही ना, याची खात्री करावी. हा गॅस हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो आणि गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे द्रव्य मुद्दाम मिसळलेले असते. धुपाच्या दाट सुगंधात तो वास लपू शकतो. शंका आली तर काडी ओढू नये, विजेचे बटण दाबू नये, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. हाताला अल्कोहोलयुक्त जंतुनाशक लावले असेल, तर ते पूर्ण वाळल्याशिवाय आगीजवळ जाऊ नये.

त्यानंतर समोरासमोरची दोन दारे किंवा खिडक्या उघडाव्यात. एकच खिडकी उघडली, तर हवेला यायला वाट मिळते, पण जायला मिळत नाही. धुपाटणे पितळेचे, तांब्याचे किंवा जाड मातीचे असावे. त्याच्या तळाशी बोटभर कोरडी वाळू किंवा राख घालावी. राखेमुळे भांड्याचे बूड तापत नाही आणि निखाऱ्याला खालून थोडी हवा मिळते. भांड्याखाली फरशीचा तुकडा किंवा मातीची थाळी ठेवावी. काचेची वाटी, प्लास्टिकचे तबक आणि लाकडी पाट यांवर निखारा ठेवू नये.

वडी चिमट्यात धरून गच्चीत किंवा सज्ज्यात पेटवावी. ती सुरुवातीला ठिणग्या उडवते, म्हणून तोंड दूर ठेवावे. रॉकेल, पेट्रोल किंवा जंतुनाशक द्रव ओतून कोळसा पेटवण्याचा विचारही करू नये. वडीवर पांढरट राखेचा थर चढला, की ती तयार झाली. त्यावर धूप चिमूटभरच टाकावा. लालबुंद निखाऱ्यावर भरघोस धूप ओतला, तर राळ जळून काळा, घशाला लागणारा धूर होतो आणि कधी ज्वाळाही उठते. निखाऱ्यावर राखेचा पातळ थर देऊन धूप ठेवला, तर तो जळण्याऐवजी हळूहळू वितळतो, वास अधिक गोड येतो आणि धूर कमी होतो. जपानमधील 'कोदो' या सुगंधकलेत कोळसा राखेत पुरतात आणि वर अभ्रकाची चकती ठेवून तिच्यावर सुगंधी लाकूड नुसते तापवतात. तेथे धूर जवळजवळ होतच नाही. वासासाठी धूर लागतोच असे नाही, हे त्यावरून कळते.

धूप फिरवताना पदर खोचलेला असावा, ओढणी बांधलेली असावी. नायलॉन व पॉलिएस्टरचे कापड जळताना वितळून कातडीला चिकटते, म्हणून या वेळी अंगावर सुती कपडे बरे. छताचा पंखा बंद ठेवावा, कारण त्याच्या झोताने राखेतील ठिणग्या उडतात. रांगते मूल घरात असेल, तर धुपाटणे जमिनीवर टेकवूच नये. धूप फिरवून झाला, की दहा-पंधरा मिनिटांत निखारा घराबाहेर जावा आणि खिडक्या त्यानंतरही अर्धा तास उघड्या राहाव्यात. निखारा पेटता ठेवून झोपणे किंवा बाहेर जाणे, या दोन्ही गोष्टी वर्ज्य समजाव्यात.

राखेखालचा विस्तव

धूप संपला तरी निखारा संपलेला नसतो. वरून थंडगार दिसणाऱ्या फुफाट्यात विस्तव कित्येक तास जिवंत राहतो. ती राख निर्माल्याच्या पिशवीत किंवा कचऱ्याच्या प्लास्टिकच्या बादलीत टाकली, तर मध्यरात्री तिथून आग सुरू होऊ शकते. तापलेल्या मातीच्या भांड्यात एकदम पाणी ओतले, तर भांडे तडकते आणि वाफेबरोबर तप्त राख उडते. जुन्या बायका उरलेले कोळसे मडक्यात घालून वर झाकणी दाबत. हवा तुटली, की कोळसा विझे आणि पुन्हा वापरता येई. तीच युक्ती आजही उत्तम आहे. धातूच्या डब्यात निखारा घालून, घट्ट झाकण लावून, तो सज्ज्यात फरशीवर रात्रभर ठेवावा. सकाळी त्यावर पाणी शिंपडून, हाताने पारखून, मगच राख टाकावी.

चटका बसलाच, तर भाजलेला भाग वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा. बर्फ, हळद, तूप, शाई किंवा टूथपेस्ट लावू नये. कोळशाच्या वायूची बाधा झाल्याची शंका आली, तर प्रथम दारे-खिडक्या उघडून सर्वांना मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. येथे एक नवी फसगत संभवते. करोनाच्या साथीनंतर पुष्कळ घरांत बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले आहे. नेहमीचे ऑक्सिमीटर हिमोग्लोबिनला प्राणवायू चिकटला आहे की कार्बन मोनॉक्साइड, हे ओळखू शकत नाही. माणूस गुदमरत असतानाही ते ९८ किंवा ९९ दाखवू शकते. त्या आकड्यावर विसंबून घरी बसू नये. साध्या हवेत रक्तातील या वायूचे प्रमाण निम्मे व्हायला चार ते पाच तास लागतात. रुग्णालयात शुद्ध प्राणवायू दिला, तर तेच काम साधारण तास-दीड तासात होते. खोलीत कोळसा पेटलेला होता, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्या एका वाक्याने निदान आणि उपचार दोन्ही लवकर होतात.

कोळसा नकोच असेल, त्यांच्यासाठी विजेवर तापणारी धूपपात्रे बाजारात आहेत. त्यांत कोळसा नसल्याने त्याचा वायूही नसतो. धुपाचा धूर मात्र उरतोच, म्हणून खिडकी उघडण्याचा नियम तेथेही सुटत नाही. ज्यांना निखाऱ्यावरचाच धूप हवा आहे, त्यांनी तो जरूर घालावा, पण थोडा, फिरता आणि उघड्या दाराखिडक्यांनिशी. घरात बाळंतीण आणि तान्हे बाळ असेल, तर त्यांच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेरच धुपाटणे थांबवावे.